भातेमास्तरांची फेरी

भातेमास्तर गाण्याचा कार्यक्रम उन्हात करायचे. दुपारी साडेचारला सुरू, दिवस मावळला की समाप्त. त्या काळात नाशिक जिल्ह्यात कुठल्याही गावी ऑर्केस्ट्रा म्हटला की रात्री दहाला हॅलोजन पेटायचे आणि पहाटेपर्यंत धुरळा उडायचा. मास्तरांच्या कार्यक्रमाला मात्र बायका निवडायचं धान्य घेऊन बसायच्या आणि पुढच्या रांगेतली पोरं उन्हामुळे एक डोळा मिटून ऐकायची. कुणी विचारलं, मास्तर, हा कार्यक्रम आहे की निंदणी, तर ते म्हणायचे, "वरून उजेड येतोय तोवर वापरून घेऊ. नंतर आहेच अंधार."

त्यांचं आडनाव भाते नव्हतं. रविवार कारंज्याजवळच्या एका बोळात त्यांचं पेट्या दुरुस्त करायचं दुकान होतं आणि पेटीचा फाटलेला भाता त्यांच्यासारखा शिवून देणारा दुसरा कोणी आसपास नव्हता, म्हणून ते भातेमास्तर. अंगाने बारीक, उंच, खादीचा अर्ध्या बाहीचा सदरा आणि खिशात कायम एसटीचं वेळापत्रक. माणसांना ते नावाने हाक मारत नसत, कामाने मारत. मी सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये फिटर होतो, म्हणून त्यांच्या तोंडी मी शेवटपर्यंत "फिटर" राहिलो. मंडळात मी अॅम्प्लिफायर आणि कर्णे सांभाळायचो. आम्ही सगळे मिळून नऊ जण होतो.

मी बोलका माणूस नाही. मास्तरांविषयी लिही असं मला दोन-तीनदा सांगितलं गेलं आणि मी टाळलं. टाळण्याचं कारण पुढे येईलच.

नवीन पेटीसाठी नवीन लाकूड ते आणत नसत. पहिल्यांदा मला वाटलं, जुनं लाकूड मुरलेलं असतं, सुराला बरं, म्हणून असेल. तेही होतंच. पण एकदा पंचवटीतल्या एका शाळेने मोडके बाक अंगणात टाकले, ते मास्तरांनी हातगाडीवर घालून आणले आणि त्यातून वर्षभर पेट्या केल्या. त्यातल्या एका पेटीच्या कडेवर कर्कटकाने कोरलेलं होतं, "सुनील, पाचवी ब". मास्तरांनी ते रंधून काढलं नाही. कॉलेज रोडचे एक गृहस्थ मुलीसाठी पेटी घ्यायला आले होते, त्यांनी त्या नावावर बोट ठेवलं. मास्तर म्हणाले, "असू द्या की. रियाजाला सोबत होईल." गृहस्थ हसले नाहीत, पण पेटी घेऊन गेले. मेलेल्या पेट्यांतून काढलेले पितळी सूर, म्हणजे आवाज देणाऱ्या पात्या, मास्तर बिस्किटांच्या डब्यात ठेवायचे, डब्यावर पट्टीचं नाव. सूर कुठलाही टाकायचा नाही, घासून पुन्हा बसवायचा. त्यामुळे त्यांच्या नव्या पेटीत तीन-चार जुन्या पेट्या वाजत असायच्या.

दौऱ्याची त्यांची रीत तर मी दुसरीकडे कुठेच पाहिली नाही. आधी तारखा आणि मग गावं असं सगळे करतात. मास्तर आधी वाट ठरवायचे. एकदा निघालं की त्या वाटेवरची सगळी गावं करून यायचं. घोटीला जायचं तर घोटी, मग पुढचं, मग त्याच्या पुढचं, आणि फिरून नाशिक. सामान एसटीच्या टपावर. दोन कर्णे, एक अॅम्प्लिफायर, मोटारीची एक बॅटरी, तबल्याच्या पिशव्या, आणि जाजमात गुंडाळलेली पेटी मात्र त्यांच्या मांडीवर. एखाद्या गावाची तारीख वाटेत बसत नसेल तर ते पोस्टकार्ड टाकून गावाला तारीख बदलायला सांगायचे. गावं बदलायची सुद्धा. आमच्या गायिका मंदाताई म्हणायच्या, "मास्तरांच्या मंडळात गायचं तर आधी एसटीचं वेळापत्रक सुरात म्हणता आलं पाहिजे."

एकदा देवळ्याकडचे एक कांदेवाले नातवाच्या बारशाला कार्यक्रम मागायला आले. त्याच आठवड्यात आमचं घोटीचं ठरलेलं. घोटी एका टोकाला, देवळा दुसऱ्या. मास्तरांनी सांगितलं, आम्ही पुढच्या पंधरवड्यात सटाण्याच्या वाटेने येणार आहोत, तेव्हा करू. कांदेवाले चिडले. बारसं काय पुढे ढकलता येतं का, म्हणाले. मास्तर शांतपणे म्हणाले, "पोरगं झालंय ना? मग ते कुठं पळून चाललंय? आम्ही आलो की नाव ठेवा." आणि खरोखर ते बारसं पंधरा दिवसांनी झालं. तोवर त्या पोराला घरात सगळे "मास्तर" म्हणत होते, असं नंतर कळलं.

मंडळाला कापडी पडदा एकच होता, त्यावर नाव शिवलेलं. थर्माकोलची अक्षरं आम्ही कधी लावली नाहीत. त्याचं कारण मास्तरांनी एकदा बसमध्ये मला सांगितलं होतं. तरुणपणी ते दुसऱ्या एका मोठ्या ऑर्केस्ट्रात पेटी वाजवायचे. एका गावी पेटीचं झाकण विसरलं म्हणून तीन दिवसांनी परत गेले. मैदानावर कागद, प्लॅस्टिक, वायरचे तुकडे, सांडलेलं डिझेल तसंच. "लोकांच्या तोंडात एखादं गाणं राहिलं असेल असं मला वाटलं होतं," ते म्हणाले. "कुणाच्याच तोंडात नव्हतं. थर्माकोल मात्र बकरीच्या तोंडात होतं." तिथून त्यांनी तो ऑर्केस्ट्रा सोडला आणि स्वतःचं मंडळ काढलं. पर्यावरण वगैरे शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही. त्यांचं एवढंच म्हणणं होतं की आपण येऊन गेलो हे कानाला कळावं, जमिनीला कळू नये.

यातूनच फेरी आली. कार्यक्रम झाला, मुक्काम असला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, की आम्ही नऊ जण मैदानाच्या एका कडेला ओळीने उभे राहायचो, हातभर अंतर सोडून, आणि खाली बघत दुसऱ्या कडेपर्यंत चालत जायचो. आपलं, लोकांचं, जे पडलं असेल ते उचलायचं. गुटख्याच्या पुड्या, सुतळ्या, फुगे. मंदाताईंसारखी बाईसुद्धा साडी खोचून ओळीत. गावातल्या पोरांना ही मोठी गंमत वाटायची, पोरं मागून चालायची. टॉर्चचे सेल मास्तर मोजून न्यायचे आणि मोजून परत आणायचे. फेरी झाल्याशिवाय त्यांनी कधी बसमध्ये पाय ठेवला नाही, आणि एकदा तर फेरी राहिली म्हणून आलेली एसटी जाऊ दिली होती. पुढची चार तासांनी होती. तबलजी जगनने ते चार तास त्यांच्याकडे पाठ करून काढले.

नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध आला आणि लोकांना मोठा आवाज लागायला लागला. आमचे दोन कर्णे मागच्या लोकांपर्यंत पोचायचे नाहीत. मी मास्तरांना सांगितलं तर म्हणाले, "मागच्याला ऐकू येत नसेल तर त्याला पुढं ये म्हणावं. जागा आहे." पण मागचे पुढे येईनात, ते घरी जाऊ लागले. वर्षाला येणारी आमंत्रणं कमी झाली. मी तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा होतो, यंत्रांचा माणूस होतो, आणि मला वाटत होतं की मास्तरांच्या हट्टापायी मंडळ संपणार. सातपूरच्या मित्राकडे एक जुना डिझेल जनरेटर होता आणि टेम्पोही होता. दोन मोठे स्पीकर, थोडे दिवे, सूर्यास्तानंतर दोन तास. एवढंच मी मागत होतो. महिनाभर मी मास्तरांच्या दुकानात जाऊन बसलो. मंदाताई माझ्या बाजूने नव्हत्या, पण विरोधातही बोलल्या नाहीत. शेवटी मास्तर म्हणाले, "एक हंगाम बघू. पण फिटर, यंत्र तुझं. त्याचं काळं तेल तुझं. जेवढं नेशील तेवढं परत आणायचं. एक थेंब तिकडं राहता कामा नये."

मी हो म्हणालो. त्यांनी यंत्र स्वीकारलं ते माझ्या शब्दावर, हे मला तेव्हाही कळत होतं.

होळीनंतर पेठच्या बाजूला एका डोंगरपाड्यावर यात्रा असते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मास्तर तिथे दरवर्षी जायचे. ती माणसं नागली-भाताची शेती करणारी, उन्हाळ्यात निम्मं गाव द्राक्षाच्या नाहीतर वीटभट्टीच्या कामाला बाहेर गेलेलं, पण यात्रेला परत यायचं आणि मास्तरांचं गाणं म्हणजे त्यांना घरचं वाटायचं. सोमा म्हणून तिथले एक वयस्क गृहस्थ मास्तरांचे दोस्त. त्या वर्षी पहिल्यांदा आम्ही टेम्पोने गेलो आणि पहिल्यांदा तिथे दिवे लागले. लोक खूश झाले. मीही खूश होतो, पण जनरेटर धूर ओकत होता. तेल पार जळलं होतं. दुसऱ्या दिवशी हरसूलला कार्यक्रम होता, म्हणून सकाळी लवकर उठून मी तेल बदलायला घेतलं.

यंत्रातून निघालेलं काळं तेल भरायचा कॅन मी नाशिकलाच ठेवून आलो होतो. टेम्पोत जागा पुरत नव्हती आणि मला माझा एक जादा स्पीकर न्यायचा होता, म्हणून कॅन काढला. वाटेत कुठेतरी डबा मिळेल असं म्हटलं. तर ते तेल मी घमेल्यात काढलं, चार लिटर असेल, आणि ते घमेलं हातात धरून उभा राहिलो. आमचा मुक्काम शाळेत होता आणि शाळेच्या खाली ओढा होता, कोरडा. पात्रात एका बाजूला काट्याकुट्यांची रास रचलेली दिसली. मला तो उकिरडा वाटला. मी खाली उतरलो आणि त्या राशीच्या आत तेल ओतलं.

उकिरडा नव्हता तो. तिकडे ओढ्याच्या तळात खड्डा खणून त्याला दगड लावतात, त्यात थेंब थेंब पाणी झिरपतं, त्याला झिरा म्हणतात. उन्हाळ्यात सगळा पाडा त्याच्यावर जगतो, आणि गुरांनी तोंड घालू नये म्हणून त्यावर काट्या टाकून ठेवतात. हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्या गावी जात होतो, पण पाणी कोणीतरी भरून आणून द्यायचं, ते कुठून येतं हे मी कधी विचारलं नव्हतं.

इथवर चूक म्हणता येईल. पण तेल ओतताना मला खाली पाण्याचा आवाज आला होता. आवाजांत आयुष्य काढलेला माणूस मी, मातीवर पडलेलं आणि पाण्यावर पडलेलं यातला फरक मला कळला. निम्मं घमेलं ओतून झालं होतं. उरलेलंही मी ओतलं. हात मातीने घासले आणि वर आलो.

सातच्या सुमारास फेरी झाली. मास्तरांचा गुडघा त्या दिवशी दुखत होता, म्हणून ते उतारावर आले नाहीत, शाळेच्या अंगणातूनच बघत होते. त्यांनी मला विचारलं, फिटर, ओढ्याकडं बघितलंस का? मी सांगितलं, बघितलं, काही नाही. मग विचारलं, "आणि तेल?"

"कॅनमध्ये आहे, मास्तर. गाडीत ठेवलंय."

"शाबास," ते म्हणाले आणि टेम्पोत बसले.

गाडी वळवताना मला आरशात दोन बायका डोक्यावर हंडे घेऊन ओढ्याकडे उतरताना दिसल्या. मला थांबता आलं असतं. हाक मारता आली असती, एवढंही पुरलं असतं. मी गिअर टाकला.

चार-पाच दिवसांनी सोमा नाशिकला आले. मी दुकानातच होतो. त्यांनी पिशवीतून एक बाटली काढून मास्तरांच्या समोर ठेवली. पाण्यावर रंगीत तवंग होता. ते रागावलेले नव्हते, तेच जास्त वाईट होतं. "तुमी गेले आन् पानी नासलं, मास्तर," ते म्हणाले. "बायका वरच्या डोंगराच्या झिऱ्यावर जात्यात. जायला घंटा, यायला घंटा. दोन-तीन घरांत पोरं आजारी पडली, आता बरी हायेत." मास्तरांनी बाटली उघडून वास घेतला. मग माझ्याकडे पाहून विचारलं, तेल परत आणलं होतंस ना. मी म्हणालो, आणलं होतं, गॅरेजवाल्याला दिलं. त्यांनी मान हलवली. पुन्हा विचारलं नाही. सोमांना म्हणाले, "आमच्याकडून झालं. यंत्र मी येऊ दिलं. उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी ते खरंच गेले, एसटीने. टपावर दुकानातल्या लाकडाच्या भुशाची पोती घातली. भुसा तेल शोषून घेतो. अकरा दिवस ते त्या पाड्यावर राहिले. झिरा उपसायचा, भुसा टाकायचा, काढायचा, दगड एकेक करून राखेने घासायचे, तळातली वाळू खरवडून नवीन घालायची, पुन्हा पाणी साठू द्यायचं, पुन्हा उपसायचं. रविवारी मी गेलो मदतीला. मास्तर गुडघाभर खड्ड्यात वाकलेले आणि मी काठावर बादली घेऊन. मला आत उतरवेना. काशी म्हणून एक बाई होती, तिशीतली, पाण्याच्या रांगेत पुढे असायची, ती मला म्हणाली, "काय भाऊ, म्हातारा मानूस खाली वाकतो न् तुमी बादली धरून उभे?" बाकीच्या बायका हसल्या. मी आत उतरलो. संध्याकाळपर्यंत मास्तरांच्या शेजारी वाळू उपसली. आम्ही दोघंच खाली होतो, खांद्याला खांदा लागत होता, आणि मी काही बोललो नाही.

तेलकट भुशाची दोन पोती मास्तर परत घेऊन आले. तिकडे पुरायची नाहीत, जाळायची नाहीत, गोदावरीत तर नाहीच. नाशिकमध्ये चार ठिकाणी विचारलं, कोणी धड सांगेना. मग ती दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात उभी राहिली. राहिली ती राहिलीच. पुढे मी कधीही दुकानात गेलो की ती दिसायची. गिऱ्हाईक वासाबद्दल विचारायचं. मास्तर म्हणायचे, आमचंच आहे.

त्या हंगामानंतर त्यांनी दौरे थांबवले. आम्हाला बोलावून सांगितलं, मंडळ तुम्ही चालवा, मी पेट्या करतो. मी म्हणालो, मास्तर, जनरेटर काढून टाकू, पहिल्यासारखं करू. ते म्हणाले, "जनरेटरचं नाही रे. माझी फेरी कच्ची राहिली. माझ्याच्याने आता बघणं होत नाही, मग जाऊ नये." मंदाताईही त्याच दिवशी बाहेर पडल्या. जाताना पायऱ्यांवर थांबून मला म्हणाल्या, "फिटर, तुला काही सांगायचं राहिलं नाही ना?" मी नाही म्हणालो. त्या उतरून गेल्या.

मंडळ मी चालवलं. चांगलं चाललं. दोन हजार सालानंतर तर फारच. जनरेटर मोठा झाला, टेम्पोचे दोन झाले, स्पीकरची भिंत झाली, धुराचं यंत्र आलं, गावाच्या वेशीवर माझ्या फोटोचे फ्लेक्स लागू लागले. आज देवळा, उद्या घोटी, परवा पुन्हा सटाणा. जिथली तारीख आली तिकडे गाड्या पळवायच्या. फेरी पहिल्या वर्षी दोन-तीनदा केली. मग मंडळातली मुलं कंटाळली. खरं सांगायचं तर मुलं नाही, मी कंटाळलो. मैदानावर खाली बघत चालणं मला नकोसं झालं होतं.

मास्तरांकडे मी दिवाळीला जायचो. ते माझ्या धंद्याविषयी काही विचारायचे नाहीत. पेटीविषयी बोलायचे. एकदा फक्त म्हणाले, फ्लेक्स फाटले की काय करता? मी म्हणालो, लोक गोठ्यावर घालतात. त्यांना ते बरं वाटलं. सगळे फ्लेक्स गोठ्यावर जात नाहीत हे मी सांगितलं नाही.

आठ-नऊ वर्षांनी ते आजारी पडले. फुप्फुसं. भाते शिवणाऱ्या माणसाला श्वास पुरेना. घरी खाटेवर असायचे, त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, पाठ धरून बसवायच्या. मी ठरवून गेलो होतो की आज सांगायचं. काकू चहा करायला आत गेल्या आणि मास्तर आपणहून त्या पाड्याचं बोलायला लागले. एकेक वाक्य तोडून. "मी त्या दिवशी ओढ्याकडं उतरलो नाही. गुडघा दुखत होता खरा. पण उतरता आलं असतं. आळस केला." मग बराच वेळ श्वास घेतला. "उतरलो असतो तर दिसलं असतं. बायांनी पाणी भरण्याआधी."

म्हणजे आठ-नऊ वर्षं हा माणूस ते स्वतःच्या गुडघ्यावर घेऊन बसला होता. त्यांना माझा संशय होता की नव्हता, मला आजही सांगता येत नाही. सांगायचा क्षण तोच होता. माझं तोंड उघडलंही होतं. काकू चहा घेऊन आल्या आणि मी चहा घेतला. महिन्याभराने मास्तर गेले.

तेराव्याला काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, दुकान रिकामं करायचंय, ती दोन पोती तेवढी तू ने, ते तुलाच सांग म्हणाले होते. मी नेली. ती माझ्याकडे आहेत.

त्यानंतर मी पाड्यावर गेलो. गाडी होती, पण एसटीने गेलो. त्याचं कारण मला नीट सांगता येणार नाही. सोमा वारले होते. शाळेला नवीन पत्रे होते, एक हातपंप दिसला, पण तो बंद होता, आणि बायका अजून झिऱ्यावरच होत्या. काट्या बाजूला सारून काशी वाटीने हंडा भरत होती. केस पिकायला लागले होते. मी ओळख दिली. मास्तर गेल्याचं सांगितलं. ती वाटी ठेवून खाली बसली. बाकीच्याही बसल्या. मास्तर कसे गायचे, खड्ड्यात उभे राहून वाळू काढताना कसे गुणगुणायचे, ते त्या एकमेकींना सांगू लागल्या. मी मध्येच म्हणालो, मला एक सांगायचंय, ते तेल मी ओतलं होतं.

काशीने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "नाय भाऊ. मास्तरनी ओतलं व्हतं."

मला काही कळेना. मग तिने सांगितलं. पहिल्या दिवशी भुशाची पोती घेऊन आले तेव्हा मास्तरांनी सगळा गाव गोळा केला होता आणि हात जोडून म्हणाले होते, तेल माझ्या हातून पडलं, मला काय ते बोला, माझ्या माणसांना बोलू नका. गाव काही बोललं नाही. मानूस सोता येऊन सांगतो म्हटल्यावर काय बोलायचं, ती म्हणाली. उलट तिला आता माझीच कीव आली. गेलेल्या माणसाची चूक मी माझ्या अंगावर घेतोय, असं तिला वाटत होतं. "तुमचं चांगलं हाय," ती म्हणाली. "पन नका घेऊ. आमी त्येंना कवाच माफ केलं."

मी तिला सगळं सांगितलं. कॅन, घमेलं, पाण्याचा आवाज, आरशातल्या दोन बायका. एवढं सलग मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. काशी म्हणाली, "मंग मास्तर खोटं बोलले म्हनता?"

"हो," मी म्हणालो. "तेवढं एक खोटं बोलले."

तिने हंडा डोक्यावर घेतला, कोणी हात लावायला आलं तर नको म्हणाली, आणि चढ चढू लागली. निम्म्या चढावर थांबली. वळता येत नव्हतं डोक्यावर हंडा असल्यामुळे, तशीच पाठमोरी उभी राहून तिने विचारलं, "मंग इतकी वरसं तू काय करीत व्हतास?"

"कार्यक्रम करत होतो," मी म्हणालो.

ती ऐकून वर निघून गेली. बाकीच्या बायकांनी एकेक करून आपले हंडे भरले, आणि शेवटच्या बाईने झिऱ्यावर काट्या ओढल्या तेव्हा मी मदतीला हात पुढे केला. तिने तो बाजूला सारला आणि स्वतःच ओढल्या.